सिद्धान्त वाटणारे सर

सरांच्या निवृत्तीनिमित्त गौरवग्रंथ निघतोय. संपादक मंडळातल्या एका प्राध्यापकांचा मला फोन आला. "तू त्यांचा जुना विद्यार्थी. एक हृद्य आठवण दे, दोन पानांची. फार वैचारिक नको. वैचारिक विभागाचे लेख पुण्या-मुंबईहून आलेत." म्हणजे ग्रंथाच्या पुढच्या भागात विचार आणि मागच्या भागात आठवणी. विचार बाहेरून मागवलेले, आठवणी वऱ्हाडातल्या. जो माणूस जन्मभर हीच वाटणी करत आला, त्याच्या गौरवाला याहून शोभेल अशी रचना कोणाला सुचली नसती. मी हो म्हटलं. हृद्य होईल अशी हमी दिली नाही. ते छापतील अशी आशाही नाही. आम्ही पत्रकवाले, आमचं स्वतःच छापतो.

सर अमरावतीतल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. एम.ए.चा 'शिक्षण आणि सामाजिक विषमता' हा पेपर त्यांचा. या विषयात आपल्या तोडीचं विद्यापीठात कोणी नाही असं ते स्वतःच सांगतात, आणि मी ते मान्य करतो. विषमता इतक्या बारकाईनं जमलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

माणूस भेटला की नाव विचारायच्या आधी ते बापाचा धंदा विचारतात. विद्यार्थीच असं नाही. चहावाला, बँकेतला कारकून, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा, कोणीही. "वडील काय करायचे? आई किती शिकलेली?" उत्तर मिळालं की डोळे मिटून, तोंडात शिऱ्याचा घास घोळवावा तसे "सांस्कृतिक भांडवल" (म्हणजे घरातून आयतं मिळणारं वळण) हे दोनच शब्द घोळवायचे आणि पुढे चालू लागायचं. एकदा राजापेठेतून आम्ही ऑटोनं निघालो होतो. ऑटोवाल्यालाही त्यांनी हेच विचारलं. त्यानं आरशातून त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं.

"काहून काकाजी? माह्यासाठी पोरगी पाहून राहिले का?"

मी हसलो. सर हसले नाहीत. उतरल्यावर मला म्हणाले, "बघ. प्रश्नाला प्रतिप्रश्न. ज्या घरात संवाद नसतो तिथं हे असंच होतं." त्या ऑटोवाल्याइतका चोख संवाद आमच्या विभागात मी तरी कधी ऐकला नव्हता.

विद्यार्थ्यांच्या घरी जायचा त्यांना भारी नाद. याला ते क्षेत्रकार्य म्हणत. आमच्या घरी आले तेव्हा पाणी प्यायच्या आधी म्हणाले, "पुस्तकांचं कपाट कुठंय?" आईला वाटलं, त्यांना कपाटच बघायचं आहे. तिनं भांड्यांचं कपाट उघडून दाखवलं, वर संकोचून म्हणाली, "खालचा खण आवरला नाही." सरांनी आत वाकून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. डॉक्टरला हवं ते लक्षण सापडल्यावर पसरतं ना, तसं. मग आईच्या हातचे रोडगे आणि वांग्याची भाजी दोनदा मागून खाल्ली. जाताना दारात मला म्हणाले, "तुझं काय होणार ते आता माझ्या पक्कं लक्षात आलं."

तसं ते त्यांच्या लक्षात पहिल्याच दिवशी आलेलं होतं. दर वर्षी पहिला तास ओळखीचा. एकेकानं उभं राहायचं, घरचं सगळं सांगायचं आणि सर त्याचं भविष्य सांगायचे. भविष्य हा शब्द त्यांना चालत नसे. पूर्वानुमान म्हणायचं. "कोरडवाहू शेती? आई निरक्षर? पोलीस भरती. पहाटे उठून धावत जा." "झेरॉक्सचं दुकान? बी.एड. कर." एका मुलीला फक्त "तुझं लग्न" एवढंच म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे वळले. माझे वडील एसटीत कंडक्टर. सर म्हणाले, "बापानं तिकिटं वाटली, हा पत्रकं वाटेल." वर्ग खदखदून हसला. दुर्दैवानं हे खरं ठरलं आणि त्यावर सर आजही जगतात. त्यांच्याविरुद्ध मी पहिलं पत्रक काढलं तेव्हा त्यांनी ते स्वतः विभागभर फिरवलं. "मी म्हटलं नव्हतं?" आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं? गप्प बसलात तर त्यांचं खरं, ओरडलात तरी त्यांचंच खरं.

याच तासाला पल्लवी उभी राहिली. पल्लवी हिवरखेडची. घरी पानपिंपरीचा मळा; औषधात जाते ती पिंपळी. आई-बाप दोघंही वेलांत राबणारे, घरातली कॉलेजात पोचलेली ही पहिली. सर तिचं पूर्वानुमान सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली.

"सर, मले सिद्धान्त शिकाचा हाये. पुढं मले हाच पेपर शिकवाचा हाये."

वर्गात कोणी हसलं नाही, कारण असं काही मागता येतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. सर मात्र हसले. प्रेमानं हसले, हे मुद्दाम सांगतो. त्यांच्यात दुष्टपणा असता तर माझं काम सोपं होतं.

आता सेमिनारांच्या वाटणीबद्दल सांगायला हवं, कारण सरांचं सगळं समाजशास्त्र त्या एका रिवाजात मावतं. प्रत्येक विद्यार्थ्याला सेमिनारचा विषय सर देत, आणि तो त्याच्या घरावरून देत. शेतकऱ्याच्या पोराला ग्रामीण शिक्षण. मेळघाटातून आलेल्या कोरकू मित्राला आदिवासी शिक्षण. शिवाय विभागाची सहल चिखलदऱ्याला गेली की दुभाषा म्हणून फुकट राबायचं तेही त्यानंच. आमच्यातल्या एकुलत्या एका मुस्लीम मुलीला मदरसा, जिथं ती आयुष्यात कधी गेली नव्हती. मला श्रमिक वर्ग आणि शिक्षण. आणि सिद्धान्त? तो रोहनला. रोहनचे वडील राजकमल चौकात डॉक्टर, आई इंग्रजीची प्राध्यापक. "अनुभव तुमच्याकडे आहे, तुम्ही अनुभव मांडा," सर आम्हाला समजावत. "त्याचा अर्थ लावणारं कोणीतरी लागतं. त्याला घरातून तयारी लागते." थोडक्यात, आम्ही कापूस वेचायचा आणि गाठी त्यांनी बांधायच्या. हे ज्या पेपरात शिकवायचे त्या पेपराचं नाव पुन्हा एकदा वाचा.

रोहन बिचारा चांगला पोरगा. त्याला स्पर्धा परीक्षा द्यायच्या होत्या, एम.ए. त्यानं वेळ काढायला घेतलेलं. परक्या समाजशास्त्रज्ञांची जाड पुस्तकं तो उघडायचा आणि पहिल्याच पानावर मिटायचा. मग कॅन्टीनमागच्या कडुनिंबाखाली पल्लवी त्याला शिकवत बसायची. मी समोर बसून कच्चा चिवडा खात ऐकायचो.

"हे पाय रोहन," ती म्हणायची, "शाळा परीक्षा कशाची घेते? तुह्या घरी जे बोलता बोलता शिकवलं त्याची. अन् सर्टिफिकेट कशाचं देते? तुह्या मेहनतीचं. मंग तू हुशार ठरतं अन् मी मठ्ठ ठरतो. गंमत अशी का, आपल्या दोघाइलेबी ते खरं वाटते."

"मला कुठं खरं वाटतं?" रोहन म्हणायचा. "मला तर हे समजतच नाही."

"अबे, तरी तूच सांगशीन ना वर्गात!"

आणि त्यानंच सांगितलं. कडुनिंबाखाली ऐकलेलं, तिच्याच उदाहरणांसकट, फक्त 'मले'चं 'मला' करून. सर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "याला म्हणतात घरचं वातावरण." रोहन उभाच होता. तो म्हणाला, "सर, हे सगळं मला पल्लवीनं शिकवलं." सरांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. "आणि याला म्हणतात विनय. हासुद्धा घरूनच येतो." पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती रडेल. ती खाली मान घालून हसू दाबत होती.

अकोल्याला ती हसली नाही.

अकोल्याच्या एका कॉलेजात विषमतेवर परिषद होती. सरांचं बीजभाषण. सरांनी पल्लवीला बोलावलं : "तुला मंचावर दहा मिनिटं मिळवून दिली आहेत." ती हरखली. रात्री जागून तिनं मांडणी तयार केली. सिद्धान्ताची, शुद्ध सिद्धान्ताची. परिषदेच्या दिवशी सर गाडीनं गेले, बरोबर रोहन, वाटेत चर्चा करायला. मी आणि पल्लवी एसटीनं, मूर्तिजापूरला चहा घेत, उन्हात भाजत. सभागृहात पोचलो तर कार्यक्रमपत्रिकेत सरांच्या नावापुढे 'सैद्धान्तिक मांडणी' आणि तिच्या नावापुढे 'अनुभवकथन'. पाहिल्यावर ती एवढंच म्हणाली, "लिहू दे. मी माह्यं बोलतो."

सर बोलले. पहिल्या पिढीचा विद्यार्थी कसा असतो, त्याला काय काय येत नसतं, हे त्यांनी तासभर सांगितलं. मग हात पुढे करून, प्रदर्शनात वस्तूवरचा कपडा बाजूला करावा तसं, तिला पुढे बोलावलं.

पल्लवी माईकपाशी गेली. घरचं एक अक्षर बोलली नाही. बाप नाही, मळा नाही, एसटी नाही. ती म्हणाली, "शाळा पोराइले नापास करते हे मोठं नाई. नापास झालेल्या पोराले आपलीच चूक होती असं वाटाले लावते, हे मोठं. अन् हे ज्या मास्तराले समजलं, तोच जर पोराचं घर पाहून आधीच निकाल सांगत असन, तर मंग तो सिद्धान्त शिकवून राहिला का राबवून राहिला?" अशी ती एकेक पायरी चढत गेली. दहा मिनिटांत तिनं जे मांडलं ते सरांच्या तासाभरात नव्हतं. मी मागे बसून खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मला वाटलं, आता सभागृह हादरणार.

टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. अध्यक्षस्थानी एक वयस्क बाई होत्या, बाहेरगावच्या, नावाजलेल्या. त्या उठल्या, पल्लवीचा हात हातात घेतला आणि माईकवर म्हणाल्या, "किती मनापासून बोललीस गं! किती सच्चं! आपल्या भाषेत, जगलेलं!" शेवटी सरांनी समारोप केला : "पाहा. मी जे तात्त्विक पातळीवर मांडलं, त्याचा हा जिवंत अनुभव." पुन्हा टाळ्या.

कोणाला ऐकूच आलं नव्हतं. तिनं त्यांच्यावर आरोप केला होता, भर सभेत, पुराव्यानिशी, आणि त्यांनी तिला शाबासकी दिली. तोंड हिवरखेडचं असलं की त्यातून निघेल तो अनुभव, अशी समजूत एकदा पक्की झाली की तिथून सिद्धान्त निघाला तरी लोक रुमाल डोळ्यांना लावतात. मी परतीच्या गाडीत तावातावानं पत्रकाचा मजकूर जुळवत होतो. पल्लवी खिडकीबाहेर पाहत होती. बडनेरा आल्यावर म्हणाली, "तुह्या पत्रकानं काई होत नाई राज्या. मले त्याइच्याकडून विषयावर सही पाह्यजे."

सही हवी होती लघुप्रबंधाच्या विषयावर. शेवटच्या सत्रात लघुप्रबंध, तो सिद्धान्तावर झाला तर पुढे तिला त्यात संशोधन करता येणार, आणि संशोधन झालं तर तो पेपर शिकवता येणार. तिचं सगळं त्या एका सहीपाशी येऊन थांबलं होतं. सरांनी तिच्यासाठी विषय आधीच ठरवला होता : पानपिंपरी उत्पादक कुटुंबांतील मुलींचे शिक्षण. आम्ही दोघं त्यांच्या खोलीत गेलो.

"बेटा, मी तुझ्या भल्याचं सांगतो," सर म्हणाले. "हा विषय घे, तुला विभागात पहिली आणतो. सिद्धान्ताला घरात तसं बोलणं लागतं. तुझ्या घरात पिंपरीच्या भावाचं बोलणं होतं."

"सर, तुमच्या घरी काय बोलणं व्हायचं?" पल्लवीनं विचारलं.

सरांनी सांगितलं, जणू मोठं गुपित देतोय अशा थाटात. वडील अकोल्याच्या कापूस बाजारात हमाल. आई सही करायला शेवटपर्यंत शिकली नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास (तो दिवा आला नसता तरच नवल). मला धक्का बसला, हे कबूल करतो. एवढी वर्षं साऱ्या गावाला बापाचा धंदा विचारत फिरणाऱ्या माणसाला त्याच्या बापाचा धंदा कोणी विचारलाच नव्हता. मुलाला मात्र त्यांनी पहिल्यापासून इंग्रजी शाळेत घातलं होतं आणि पुढे पुण्याला ठेवलं होतं. "त्याला मी भांडवल दिलं," असं ते वर्गातही अभिमानानं सांगत.

"मंग तुमी कसे शिकले सर?" पल्लवी म्हणाली. "तुमच्या हिशेबानं तर तुमी हमालच व्हाले पाह्यजे होते."

"मी अपवाद आहे."

"मंग मी काहून नाई?"

सर खुर्चीतून उठले. चेहरा लाल झाला होता आणि आवाज वेगळाच आला. एम.ए.च्या दोन वर्षांत मी त्यांच्या तोंडून वऱ्हाडी पहिल्यांदाच ऐकली.

"सगळेच अपवाद झाले, तर मंग तो सिद्धान्त कायचा?"

मला त्या दिवशी हा माणूस कळला. सिद्धान्तावर त्यांचं प्रेम नव्हतंच. तो त्यांचा जिना होता. वर चढून झाल्यावर तो त्यांनी ओढून घेतला होता. खालचे सगळे खालीच राहिले तरच आपण वर चढलो ही गोष्ट मोठी ठरते. म्हणून पूर्वानुमानं खरी ठरायला हवीत. म्हणून ओळखीचा तास. म्हणून हमालाच्या पोरानं हमालाच्या पोरांना सिद्धान्त द्यायचा नाही. डॉक्टरच्या पोराकडून त्यांना धोका नव्हता. तो अपवाद होऊच शकत नव्हता.

सही मिळाली नाही. पल्लवीनं विषय बदलला नाही. लघुप्रबंध राहिला, वर्ष गेलं. सर हळहळले, "मी म्हटलं होतं, झेपणार नाही." हिवरखेडला बापानं विचारलं, "नापास झाली का वं?" ती म्हणाली, "नाई बाबा. दुसऱ्याचं लिहाले नाई म्हटलं." बाप मळ्यात वेल आधाराला बांधत होता, हातातलं काम न थांबवता म्हणाला, "मंग तुह्यं लिव."

पुढच्या वर्षी तिनं अकोल्याच्या कॉलेजात पुन्हा नाव घातलं. तिथल्या तरुण मॅडमनी विषय वाचला, दोन प्रश्न विचारले, दोन्ही विषयावरचे, आणि सही केली. बाप काय करतो हे त्यांना अजूनही माहीत नसावं. आज पल्लवी अकोल्यातच तासिकेवर शिकवते. पेपर तोच.

मी हे लिहायला बसलो त्याच आठवड्यात तिच्याकडे गेलो होतो, काही तपशील विचारायला. बोलत असतानाच सरांचा फोन आला. तिनं स्पीकर सुरू केला. सरांचा आवाज थकलेला, पण लाडिक.

"पल्लवी, सत्काराला तू यायलाच पाहिजे. माझ्या विद्यार्थ्यांतला तू खरा अपवाद. मी भाषणात तुझं नाव घेणार आहे."

पल्लवीनं विचारलं, "सर, यंदा सिद्धान्त कोणाले देला?"

सरांनी लांब सुस्कारा सोडला. "काय सांगू तुला. आता पूर्वीसारखे विद्यार्थी येतच नाहीत. डॉक्टर-वकिलांची मुलं एम.ए.ला फिरकत नाहीत. सगळा वर्ग खेड्यापाड्यांतला. यंदा मी सिद्धान्त कोणालाच दिला नाही."

एका भरलेल्या वर्गात, विषमतेच्या पेपराला, विषमता का होते हे सांगणारं पानच उघडलं गेलं नव्हतं. योग्य पोर मिळालं नाही म्हणून.

मी फोन हिसकावून घेणार होतो. पल्लवीनं माझा हात बाजूला केला.

"सर, मी येतो," ती म्हणाली. "सत्काराले नाई. त्या वर्गावर येतो. तुमी हाय तोवर, याच महिन्यात."

"अगं वा!" सरांना खरोखर आनंद झाला. "ये, जरूर ये. मुलांना तुझे अनुभव सांग."

पल्लवीनं डोळे मिटून घेतले, उघडले.

"सांगतो सर. फळा तेवढा पुसून ठेवा."